उत्स्फूर्त संगीताचे स्वरलेखन

आधी न लिहिलेले, गाता-वाजवताना जागीच सुचत गेलेले संगीत ऐकून ते स्वर-तालाच्या चिन्हांत उतरवण्याचे काम. रचनाकार स्वतःची चीज कागदावर मांडतो ते यात मोडत नाही. येथे लिहिणारा आणि गाणारा सहसा वेगळे असतात, आणि लिहिणाऱ्याच्या हाती कान, आठवण किंवा ध्वनिमुद्रण एवढेच असते. हिंदुस्थानी मैफलीत बंदिश ठरलेली असते. आलाप, बोलआलाप, सरगम, ताना हा भाग उपजेचा. अडचण सगळी या दुसऱ्या भागाची आहे. महाराष्ट्रात या कामाच्या खुणा दोन काळांत दाट दिसतात: यादवांची देवगिरी आणि छापखाना आल्यानंतरची मुंबई, पुणे, मिरज.

देवगिरीचा आलाप. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवर देवगिरीचा म्हणजे आजच्या दौलताबादचा किल्ला लागतो. यादव राजा सिंघण (कारकीर्द सुमारे १२१० ते १२४७) याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणे मूळ काश्मीरचे; आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले. शार्ङ्गदेव स्वतः ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तराचा प्रमुख होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ सात अध्यायांचा आहे. त्यातली बारीक मोजदाद पाहिली की दप्तराची सवय ग्रंथातही उतरली असावी असे वाटत राहते.

दुसऱ्या, रागविवेकाध्यायात त्याने शुद्धसाधारित, मालवकैशिक अशा अनेक रागांचे नुसते लक्षण सांगून सोडलेले नाही. लक्षणापाठोपाठ त्या रागाचा आलाप, मग करण आणि शेवटी तालात बांधलेली, शब्द असलेली आक्षिप्तिका, अशी उदाहरणे स्वराक्षरांत लिहून दिली आहेत. सप्तकासाठी त्याची खूण सोपी आहे: मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ, मध्य सप्तक मोकळे. एखाद्या विशिष्ट गायकाच्या विशिष्ट बैठकीची ही नोंद नव्हे. हे नमुने आहेत. राग कोणत्या वाटेने फिरतो ते शिकणाऱ्याला दाखवणारे. तरीही जे मुळात न लिहिता गायचे ते लिहून दाखवण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न मराठी मुलखात त्याआधीचा सांगता येत नाही.

उपजेचे नियमही त्याने वेगळे नोंदवले. प्रकीर्णकाध्यायात आलप्तीचे दोन प्रकार येतात. रागालप्ती रचनेच्या आधाराशिवाय चालते आणि चार स्वस्थानांतून राग उलगडत नेते. रूपकालप्ती एखाद्या रचनेला धरून चालते. रूपकालप्तीत भर घालून पुन्हा रचनेच्या तुकड्यावर यायचे असते. आज मुखडा घेऊन समेवर येणाऱ्या गायकाचे काम ज्याला ठाऊक आहे त्याला हे वर्णन परके वाटणार नाही. शार्ङ्गदेवाच्या लेखनाची मोठी उणीव काळाची आहे. आलापात कोणता स्वर किती लांबवायचा हे स्वराक्षरांवरून नीट कळत नाही. रिचर्ड विडेस या ब्रिटिश संशोधकाने १९९५च्या ग्रंथात या जुन्या स्वरलेखांचे वाचन केले तेव्हा त्यालाही या प्रश्नाशी झुंजावे लागले. शिवाय पंधराव्या शतकात विजयनगरला कल्लिनाथाने रत्नाकरावर टीका लिहिली, तोवर प्रत्यक्षातले राग बदललेले होते. पान शाबूत राहिले; ते गाऊन दाखवणारे गळे राहिले नाहीत.

फ्रेंच ऑर्गनचे उदाहरण. लिहिलेल्या उपजेचे काय होते याचे अगदी वेगळे उत्तर फ्रान्समध्ये मिळते. तिथल्या मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनवादकाला उपासनेच्या ओघात जागीच वाजवावे लागते, त्यामुळे ही कला तिथे पक्की रुजली. लुई व्हिएर्नने १९२८मध्ये पॅरिसच्या नोत्र दामच्या ऑर्गनवर आणि शार्ल तुर्नमीरने १९३०च्या सुमारास सेंत-क्लोतिल्दमध्ये केलेल्या उत्स्फूर्त वादनाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. दोघांचा शिष्य मोरीस द्युरुफ्ले याने त्या ऐकून व्हिएर्नची तीन आणि तुर्नमीरची पाच वादने लिहून काढली. ती अनुक्रमे १९५४ आणि १९५८मध्ये छापली गेली. तोवर दोन्ही गुरू हयात नव्हते. व्हिएर्न तर २ जून १९३७ला नोत्र दाममधल्या मैफलीत, उत्स्फूर्त वादन सुरू करण्याच्या बेतात असतानाच ऑर्गनवर कोसळला. द्युरुफ्ले शेजारी होता. मार्सेल द्युप्रेची गोष्ट निराळी. त्याने १९२१मध्ये फिलाडेल्फियात जागीच वाजवलेली ‘पॅशन सिम्फनी’ पुढे स्वतःच नव्याने लिहिली. त्यानंतरच्या पिढीत नोत्र दामच्या प्येर कोशरोची (ऑर्गनवादक १९५५ ते १९८४) ध्वनिमुद्रणे बऱ्याच जणांनी लिहून काढली.

छापील झाल्यावर ही वादने ऑर्गनवादकांच्या कार्यक्रमांत ‘कृती’ म्हणून दाखल झाली. विद्यार्थी ती बसवतात, परीक्षेत वाजवतात. एका संध्याकाळी सुचलेली चूकसुद्धा मग पाठ करायची गोष्ट होते. आपल्याकडे असे घडले नाही. अब्दुल करीम खाँच्या एखाद्या तबकडीतला आलाप लिहून काढून दुसऱ्या गायकाने मैफलीत जशाचा तसा सादर करावा, ही कल्पनाच आपल्या श्रोत्याला चमत्कारिक वाटेल. त्याला तो चोरी तरी म्हणेल, नाहीतर नक्कल.

छापखान्यानंतर. पुणे गायन समाज १८७४चा. मौलाबक्षांची बडोद्याची गायनशाळा १८८६ची. स्वर लिहून शिकवण्याचा विचार या काळात रुळला. खरी घडी बसवली ती दोन विष्णूंनी.

विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले. ५ मे १९०१ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्गात अनेकांना एकदम शिकवायचे तर लिहिलेला धडा हवा. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य. रत्नाकरात जी माहिती निसटली होती तीच इथे सर्वांत आधी पकडली आहे. मंद्राला डोक्यावर टिंब आणि ताराला डोक्यावर उभी रेघ, या त्यांच्या खुणा मात्र शार्ङ्गदेवाच्या खुणांशी जुळतात.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, पेशाने वकील. पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांना उस्तादांची गाणी जवळून ऐकायला मिळाली. जयपूरचे आशिक अली आणि अहमद अली हे बंधू, रावजीबुवा बेलबागकर, रामपूरचे वजीर खाँ, अशा अनेकांकडून त्यांनी चिजा मिळवल्या आणि लिहिल्या. १९०४च्या दक्षिण दौऱ्यात एट्टयपुरमला ते सुब्बराम दीक्षितांना भेटले. गमकांसाठी स्वतंत्र चिन्हे वापरणारा दीक्षितांचा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापला गेला होता. भातखंड्यांनी तितकी चिन्हे घेतली नाहीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, मींडेला वर कमान, एका मात्रेतल्या स्वरांना खाली कमान, समेला गुणिला, खालीला शून्य. एवढ्यावर काम भागवले. स्वर कंसात टाकला की तो आजूबाजूचे स्वर लपेटून घ्यायचा: (प) म्हणजे धपमप. छापखान्यातल्या खिळ्यांनाही झेपेल अशी ही काटकसर होती, आणि तिचा प्रसार होण्याचे मोठे कारण तेच.

त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास चिजा आहेत. स्वरलिपीने गाणे मारले, विद्यार्थी पुस्तकी झाले, ही तक्रार शंभर वर्षे चालू आहे. स्वरलिपीने गाणे मारले, विद्यार्थी पुस्तकी झाले, ही तक्रार शंभर वर्षे चालू आहे. तो स्वरविस्तार देवगिरीच्या आलापासारखाच नमुना होता. वाट दाखवायची, पुढे चालायचे ज्याचे त्याने. परीक्षार्थींनी तो तोंडपाठ केला यात दोष लिपीच्या माथी मारण्याचे कारण नाही. भातखंड्यांनी बंदिश कागदावर आणली आणि उपज शिक्षकाच्या गळ्यावर सोपवली. ही वाटणी शहाणपणाची होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. द्युरुफ्लेसारखे काम इथे कुणी केले नाही, कारण त्याला गिऱ्हाईकच नव्हते.

लिहिता काय येत नाही. ऑर्गनच्या पट्ट्यांचे स्वर पक्के असतात, त्यामुळे कोणता स्वर वाजला याबद्दल शंका नसते. तिथली मेहनत वेगळी: दोन हात आणि पाय मिळून एकाच वेळी चालणारे अनेक आवाज, ते मिसळून टाकणारी चर्चची गुंज आणि कोणत्या नळ्या उघडल्या होत्या याचा तर्क. ख्यालात उलटे. स्वररेषा एकच असते, पण तिच्यावर बोट ठेवता येत नाही. दरबारीचा कोमल गांधार खाली ओढलेला, सावकाश झुलणारा; भीमपलासीचा कोमल गांधार निराळा. कागदावर दोन्ही सारखेच, गखाली एक रेघ. आलापात मात्रा नसते, आणि अतिविलंबित ख्यालात मात्रा असून नसल्यासारखी असते: काही गायकांचे एकतालाचे आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते. त्यात गायक ठोक्याला टेकून गात नाही, ठोक्यांच्या मधून जातो. हे सगळे मात्रेच्या खणांत बसवायचे म्हणजे पुष्कळदा लिहिणाऱ्याने स्वतःचा निर्णय गायकाच्या नावावर घालणे.

या गोष्टीला एक फ्रेंच धागा आहे. हार्मोनियम पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४०च्या दशकात रूढ केली. हिंदुस्थानात ती आली, मराठी संगीत रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गनच्या रूपाने नांदली. तिच्या पक्क्या स्वरांवर वैतागून कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने श्रुतींची वेगळी पेटी करून घेतली. १९१६च्या बडोदे संगीत परिषदेत ती गायकांच्या गळ्याशी जुळली नाही. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदीच घातली, ती पुढे तीसेक वर्षे टिकली. तरी पेटीची साथ करणारा जे करतो ते स्वरलेखनच आहे. गायकाने नुकतीच घेतलेली, आधी कधी न ऐकलेली तान तो पळभर मागे राहून पट्ट्यांवर उमटवतो, आणि कागदाची वाट पाहत नाही.

तबकडीपासून आलेखापर्यंत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत साडेतीन मिनिटांच्या आत राग मांडावा लागे. उपज अशी बंदिस्त झाली की ती पुन्हापुन्हा ऐकून पाठ होऊ लागली. बेळगाव जिल्ह्यात १९२४मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी नामवंतांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि त्याने चकित होणाऱ्यांत मोठमोठे गवई असत. मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला ते त्यानंतर लागले. त्यांच्या ‘अनूपरागविलास’ (१९६५) या पुस्तकात स्वरलिपी आहे ती बंदिशींची.

लिपी सोडून थेट ध्वनीची रेषा काढण्याचा मार्ग मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, एनसीपीएत, चोखाळला गेला. सुवर्णलता राव आणि विम व्हान देर मेर यांनी ध्वनिमुद्रणातली स्वराची उंची संगणकाने मोजून तिचा आलेख काढला. आडवा काळ, उभा स्वर, तालाच्या उभ्या रेघा, आणि गाणे चालू असताना त्यावरून सरकणारी खूण. इथे मींड ही मींडच दिसते, आंदोलनाची लाट मोजता येते. याच दोघांचा सहभाग असलेल्या ‘द राग गाइड’मध्ये (१९९९) ७४ राग हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांनी तबकडीच्या काळाची आठवण व्हावी इतक्या थोडक्या वेळात मांडले आहेत, आणि सोबत आलापांचे स्वरलेखन दिले आहे. आलेखाने स्वराचा प्रश्न बराच सुटला. मात्र आलेख पाहून कुणाला गाता येत नाही. गाण्यासाठी पुन्हा सा रे ग मचीच अक्षरे लागतात.

कक्षेबाहेरचे. पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही पद्धती रागदारीसाठी घडल्या, आणि त्यांच्या पुस्तकांतही रागदारीच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला चैत्रात मांगीरबाबाची मोठी जत्रा भरते. मराठवाड्यातल्या अशा जत्रांतून घुमणाऱ्या हलगीतही जागीच सुचलेले खूप असते: टिपरू आणि चिमकी यांच्या आघातांची अदलाबदल, नाचणाऱ्याच्या पायांना दिलेले उत्तर, विस्तवावर शेकून चामडे ताणले की बदलणारा नाद. आघात लिहायला तबल्याच्या बोलांसारखी अक्षरे चालतात. हलगी बापाकडून मुलाकडे ऐकूनच जाते, आणि रागदारीच्या क्रमिक पुस्तकांत तिला पान मिळालेले नाही.