दोहोंशी नातं सांगणारं अव्यय

‘उभयान्वयी अव्यय’ हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं आहे. त्याची फोड मात्र फार थोड्या वर्गांत होते. उभय म्हणजे दोन्ही. अन्वय म्हणजे मागोमाग जाणं. ‘अनु’ला ‘इ’ (जाणे) हा धातू लागून झालेला शब्द. त्यातून संबंध हा अर्थ आला, आणि संस्कृतात वंश, कुळ हाही. श्लोकातली विखुरलेली पदं नात्याने लावून दाखवतात, तोही अन्वयच. तेव्हा उभयान्वयी म्हणजे दोन्हीकडे नातं असलेला. अव्यय म्हणजे ज्याचा व्यय होत नाही, लिंग-वचन-विभक्तीने ज्याचं रूप बदलत नाही असा.

यास्काच्या निरुक्तात शब्दांच्या चारच जाती आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. ‘च’, ‘वा’ हे तिथे निपातांत बसतात आणि त्यांच्या जोडण्याच्या कामाला यास्क कर्मोपसंग्रह म्हणतो. पाणिनीनेही ‘च’ निपातांतच ठेवला. जोडणाऱ्या शब्दांची स्वतंत्र जात मानण्याची रीत ग्रीक-लॅटिन व्याकरणाची. ती इंग्रजीमार्गे आपल्याकडे आली. 1836 साली छापलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या व्याकरणापासून ती मराठीत रुळली. चौकट परकी, नाव मात्र अस्सल संस्कृत घडणीचं.

हिंदी व्याकरणात याच जातीला ‘समुच्चयबोधक’ म्हणतात. मला आपलं नाव जास्त नेमकं वाटतं. समुच्चय म्हणजे एकत्र करणं. पण ‘किंवा’ कुठे एकत्र करतो? तो निवडायला लावतो. ‘परंतु’ तर आधीच्या बोलण्याला अडवतो. तरी दोघांचंही नातं दोन्ही बाजूंशी असतंच. म्हणूनच मराठीत समुच्चयबोधक हा उभयान्वयीचा एक पोटप्रकार ठरला.

आता या घरातली माणसं पाहा. ‘आणि’ हा ‘अन्य’चा वंशज, म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘दुसरं’. ‘पण’ हा ‘पुनः’चा. ‘किंवा’ आणि ‘परंतु’ संस्कृतातून जसेच्या तसे आले. ‘व’ अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत उतरला. ‘म्हणून’ आणि ‘म्हणजे’ तर ‘म्हणणे’ या आपल्या रोजच्या क्रियापदातून निघाले. बोलता बोलता क्रियापदपण सोडून ते वाक्यं जोडू लागले.

मराठी शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: व्याख्या लिहून देण्याआधी हे नाव एकदा फळ्यावर फोडून दाखवा.