टँगो गीतांतील ओढ आणि स्वप्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९१४ च्या जनगणनेच्या वेळी अर्जेंटिनाच्या राजधानीतील, ब्युनोस आयरेसमधील, जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. अशा स्थलांतरितांच्या वस्त्यांत वाढलेल्या टँगोला विरहाची भाषा लाभली ती १९१७ मध्ये कार्लोस गार्डेल यांनी गायिलेल्या ‘मी नोचे त्रिस्ते’ (माझी दुःखी रात्र) या गीतामुळे. पास्कुआल कोन्तुर्सी यांच्या या रचनेत प्रेयसी सोडून गेलेला पुरुष ओस खोलीत झुरतो. पुढे गार्डेल व आल्फ्रेदो ले पेरा यांच्या ‘बोल्वेर’ (परतणे) मध्ये परतीचे स्वप्न दिसते. मात्र परतणाऱ्यास भूतकाळाचे भयही वाटते. होमेरो मान्सी यांच्या १९४८ मधील ‘सुर’ (दक्षिण) मध्ये शहर तेच राहते, जुनी वस्ती मात्र हरवते. ओढ स्थळाकडून काळाकडे वळते. म्हणूनच ही गीते केवळ भावविवश मनोरंजन न मानता बदलत्या शहराच्या मनाचा दस्तऐवज म्हणून अभ्यासणे अगत्याचे ठरते.