शिन हांगा
शिन हांगा : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जपानी काष्ठठसा-मुद्राचित्रणाचा संप्रदाय. शब्दशः अर्थ ‘नवे मुद्राचित्र’. छायाचित्रण व शिलामुद्रण यांच्या प्रसारामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उकियो-ए चित्रांचा व्यवसाय ओसरला आणि ठसे कोरणाऱ्यांची परंपरागत विद्या लोप पावू लागली. टोकिओतील प्रकाशक शोझाबुरो वातानाबे (१८८५–१९६२) याने १९१५ च्या सुमारास चित्रकार, ठसे कोरणारा, मुद्रक व प्रकाशक ही जुनी श्रमविभागणी पुनरुज्जीवित केली. यथादर्शन, छायाप्रकाश व वातावरणाचा आभास ही पाश्चात्त्य चित्रणाची वैशिष्ट्ये अशा रीतीने जपानी कारागिरांच्या हातून लाकडी ठशांत उतरली. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठसे नष्ट झाले. तथापि हासुई कावासे (१८८३–१९५७) प्रभृतींच्या साहाय्याने त्याने हे कार्य नव्याने उभारले. हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) याने भारतप्रवासानंतर अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांचीही मुद्राचित्रे केली. अमेरिकेत टोलीडो येथे १९३० व १९३६ मध्ये या चित्रांची प्रदर्शने भरली. कोरण्यापासून छपाईपर्यंत सर्व कामे चित्रकारानेच करावीत, असे समकालीन सोसाकू हांगा संप्रदाय मानी. शिन हांगाचा आश्रय मुख्यतः परदेशी ग्राहकांचा व विषय बव्हंशी गतकालीन जपानचे होते. परंतु त्या आश्रयामुळेच ठसे कोरण्याचे व छापण्याचे पारंपरिक कौशल्य टिकून राहिले.