पाणी वाहून जातं, गाळ राहतो

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात गाळाची बातमी करायला गिरणा धरणाकडे गेलो होतो. धरण तळाला गेलेलं, जेसीबी चालू, ट्रॅक्टरची रांग. एका नानांनी मूठभर गाळ हातावर घेतला आणि विचारलं, "भाऊ, काया माटी शे, पीक चांगलं येई ना?"

मी म्हटलं, "येणारच नाना."

बातमी छापून आली, फोटोही चांगला आला. पण या गाळात नको ते काही आहे का, हा प्रश्न तेव्हा मला सुचलाच नाही. तो आज विचारतोय. त्यासाठी आधी थोडा इतिहास.

१० जुलै १९७६. इटलीत सेवेसो गावाजवळच्या रसायन कारखान्यातून विषारी ढग बाहेर पडला. कोंबड्या, ससे मेले, लेकरांच्या अंगावर फोड उठले. डायॉक्सिन हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचलं. त्याआधी व्हिएतनाममध्ये अमेरिकेने जंगलांवर फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'मध्येही हेच विष होतं. ते औषध बनवणारा एक कारखाना न्यू जर्सीत पसेइक नदीकाठी होता. तिथलं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. १९८३ मध्ये तपासणी झाली तेव्हा डायॉक्सिन तिथेच होतं, कारखान्याच्या जमिनीत आणि नदीच्या गाळात. त्या गाळाची साफसफाई आजही संपलेली नाही.

असं का होतं? डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते बारीक चिकणमातीला आणि कुजलेल्या काडीकचऱ्याला चिकटतं आणि तळाशी बसतं. खोल गाळात ते अनेक दशकं टिकतं. म्हणून नदीचं पाणी बाटलीत भरून तपासलं तर ते सापडत नाही. गाळच तपासावा लागतो.

पुढे वाद निघाला. डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीने १९७८ मध्ये मांडलं की डायॉक्सिन आगीतूनच तयार होतं, माणसाने चूल पेटवली तेव्हापासून ते आहे, एकट्या कारखान्यांना दोष कशाला?

उत्तर गाळाने दिलं. इंडियाना विद्यापीठाचे रोनाल्ड हाइट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक सुपीरियरमधल्या एका निर्जन बेटावरच्या तळ्यातून गाळाचा उभा नमुना काढला. तिथे कारखाना नाही, गटार नाही. जे काही आलं ते हवेतूनच. थराथराचं वय काढलं. १९४० च्या आधीच्या थरांत डायॉक्सिन जवळपास नाही, नंतर मात्र वाढलेलं. कोळसा तर लोक १९४० च्या आधीही भरपूर जाळत होते. बदललं होतं ते जळणारं सामान. क्लोरीन असलेली रसायनं, प्लॅस्टिक आणि त्यांचा कचरा आगीत जाऊ लागला होता. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडे या.

"आपल्याकडे कुठे असले कारखाने?" असं कुणी म्हणेल. पण त्या तळ्याकाठीही कारखाना नव्हता. भंगारात तांबं काढायला वायर जाळतात ना? वायरवरचं पीव्हीसी क्लोरीन देतं, तांबं ती क्रिया वाढवतं. डायॉक्सिन तयार व्हायला याहून सोयीची भट्टी नाही. कचरा डेपोची आग, नाल्याकाठी पेटवलेलं प्लॅस्टिक, हे आपल्या प्रत्येक शहरात आहे. धूर खाली बसतो, राख पहिल्या पावसात नाल्यात आणि नाला नदीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी हेही याच कुळातलं. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचा, असा आदेश केंद्राने २०१६ मध्येच काढला होता.

नकाशा बघा. मोसम आणि गिरणा मालेगावजवळ भेटतात आणि गिरणा धरण त्याच्या खाली आहे. म्हणजे शहरातून येणाऱ्या गाळाचा बराच भाग १९६९ पासून त्या धरणात बसतोय. तापी-पूर्णा चांगदेवला भेटतात, त्यांचा गाळ १९८२ पासून हतनूरच्या ४१ दरवाजांमागे साठतोय. खान्देशाचा अर्ध्या शतकाचा हिशोब या दोन धरणांच्या तळाशी आहे.

आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत आपण धरणांतला गाळ शेतात नेतोय. योजना चांगलीच आहे. माझा विरोध नाही, गैरसमज नको. डोंगराकडच्या तलावांचा गाळ म्हणजे सोनं. प्रश्न फक्त शहरांच्या खालच्या गाळाचा आहे.

नियम काय सांगतो? केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गिरणा आणि तापी दोन्ही आहेत, पण ती यादी बीओडीवर, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर, ठरते. दवाखान्याचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या चिमणीला डायॉक्सिनची मर्यादा आहे. त्याच चिमणीतून निघून गाळात बसलेल्या कणाला त्या नियमात जागा नाही. भारताने स्टॉकहोम करार २००६ मध्ये मान्य केला, त्यात डायॉक्सिन कमी करण्याचं वचन आहे.

घाबरवायला लिहीत नाही. कपाशी किंवा केळी मुळातून हे विष फारसं उचलत नाही. रस्ता दुसरा आहे. मातीसकट चारा खाणारी गाय, उकिरडा टोकरणारी कोंबडी, तळाशी चरणारा मासा. त्यांच्या चरबीत ते साठतं आणि दूध, अंडी, माशातून आपल्या ताटात येतं. माणसाच्या अंगातलं निम्मं उतरायला सुमारे सात वर्षं लागतात. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने यातल्या सर्वात जहाल प्रकाराला कर्करोगकारक ठरवलं.

मागणी साधी आहे. प्रत्येक ट्रॅक्टर तपासा असं कुणी म्हणत नाही. मालेगावच्या वर, गिरणा धरणात, जळगावच्या खाली, हतनूरमध्ये आणि धुळ्याच्या खाली पांझरेत ठरावीक जागांवरून गाळ घ्या. वाळू नको, बारीक चिकणगाळ घ्या. तपासणी महाग आहे, पण देशाबाहेर जायची गरज नाही, तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ही सोय आहे. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गाळ स्वच्छ निघाला तर शेतकरी निर्धास्त होईल, आणि मलाही बरं वाटेल.

तोवर वायर जाळणं बंद करायला मात्र कुठल्याच अहवालाची वाट बघायची गरज नाही.

त्या नानांचा प्रश्न पिकाचा होता. त्याच गाळावर उगवलेला चारा त्यांची गाय खाणार आणि तिचं दूध नातवंडं पिणार, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. तुमच्या गावात गाळ कुठून आला, ट्रॅक्टरवाल्याला एकदा विचारा. आणि मलाही कळवा.