गणसेवकत्व आणि स्वयंसेवकाची निष्ठा

१९८१ साली रायगड हे नाव मिळण्यापूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा, तर रोहे येथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. स्वेच्छेने येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावर दोघांनीही विशाल कार्य उभे केले. नेतृत्व वाटून दिल्याने कार्यकर्त्याची निष्ठा दृढ होते की शिथिल, या प्रश्नाचा विचार करताना हे दोन प्रयोग एकत्र पाहणे उद्बोधक ठरते.

भूदानाचा आरंभ १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे झाला. पुढे प्रांतोप्रांती भूदान समित्या स्थापन झाल्या आणि त्यांच्या कार्यास गांधी स्मारक निधीचे साहाय्य मिळू लागले. १९५६ च्या अखेरीस तमिळनाडूतील पळनी येथे या समित्या विसर्जित करण्याचा आणि ते साहाय्य सोडण्याचा निर्णय झाला. हीच तंत्रमुक्ती व निधिमुक्ती होय. एका नेत्याच्या आज्ञेऐवजी सेवकांच्या समूहाने मार्ग ठरवावा, या विचारास विनोबांनी ‘गणसेवकत्व’ असे नाव दिले. सर्व सेवा संघाचे निर्णयही सर्वानुमतीने घेण्याची प्रथा होती.

दानात मिळालेल्या जमिनीचा आकडा तोवर ४० लाख एकरांच्या घरात गेला होता. पुढे त्यात फारशी भर पडली नाही. ग्रामदानाकडे वळलेले लक्ष हेही त्याचे एक कारण होते. तथापि दानपत्र मिळविण्यास क्षणाची प्रेरणा पुरते. वाटपास मात्र नेमून घेतलेले, दीर्घकाळ चालणारे काम लागते. दानातील फार मोठा भाग वाटपावाचून राहिला, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. उलटपक्षी, १९७४-७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनाच्या प्रश्नावर संघातील बहुसंख्य सेवक विनोबांच्या मताविरुद्ध उभे राहिले. सर्वानुमती भंगली, पण गणसेवकत्वाने आज्ञाधारक अनुयायी नव्हे, तर स्वतंत्र विवेकाचे कार्यकर्ते घडविले होते, हेही त्यातून सिद्ध झाले.

आठवले यांच्या स्वाध्याय कार्याची घडण निराळी होती. मुंबईतील माधवबागेत त्यांच्या वडिलांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली गीता पाठशाळा हे त्याचे उगमस्थान. भक्तिफेरीस जाणारा स्वाध्यायी स्वखर्चाने जाई. योगेश्वर कृषीत गावकरी वर्षातील काही दिवस पाळीपाळीने ‘पुजारी’ म्हणून सामाईक शेतात राबत. मत्स्यगंधा नौकेवर कोळी बांधव तशाच पाळ्या घेत. उत्पन्नावर कोणा एकाची मालकी नसे. गरजूंना त्यातून साहाय्य मिळे. या कार्यास १९९६ मध्ये मॅगसेसे व १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्काराचा मान मिळाला.

येथे वाटून दिलेली होती ती कामाची जबाबदारी. विचाराचे केंद्र मात्र एकच राहिले. विनोबांनी अधिकारच वाटला, परंतु त्याबरोबर कामाची चौकटही काढून घेतली. पाळीने आलेले निश्चित काम निष्ठेस सातत्य देते आणि निर्णयातील वाटा तिला विवेक देतो. केवळ पहिले असल्यास कार्यकर्ता केंद्रावलंबी होण्याचे भय असते. केवळ दुसरे असल्यास निष्ठा टिकूनही कार्य विस्कळीत होते. नेतृत्वाचे वाटप इष्ट की अनिष्ट, यापेक्षा नेमके काय वाटले गेले, हाच प्रश्न स्वयंसेवी संघटनांच्या इतिहासात अधिक निर्णायक आहे.