नवी आवृत्ती की शुद्धिपत्र?

समजा, राणीसावरगावच्या एखाद्या शाळेत संगणकावर निकालपत्रके तयार होत आहेत आणि पडद्यावर सूचना झळकते : 'नवीन अपडेट उपलब्ध आहे.' ते लगेच घ्यावे की निकाल लागेपर्यंत थांबावे? घेतले तर प्रिंटर चालेनासा होईल, मराठी अक्षरे बिघडतील अशी धास्ती. न घेतले तर जुन्या प्रणालीतली भोके उघडीच राहणार. संगणकाची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तयार करणाऱ्यांपुढे हा प्रश्न गेली तीस वर्षे तरी आहेच.

डेबियन या प्रणालीच्या इतिहासात तो सर्वांत उघडपणे दिसतो. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ साली ती सुरू केली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवली. पुढे तिच्या तीन शाखा झाल्या. नवे सॉफ्टवेअर आधी 'अस्थिर' शाखेत येते. तेथे काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर ते 'चाचणी' शाखेत सरकते. मग केव्हातरी चाचणी शाखा गोठवतात. नवे काही घ्यायचे नाही, फक्त दोष काढायचे. त्यातून निघते ती 'स्थिर' आवृत्ती. या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात. अस्थिर शाखेचे नाव 'सिड', म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा! निवड अगदी चपखल आहे.

योजना चांगली होती, पण 'तयार होईल तेव्हाच देऊ' या बाण्याची किंमतही पडली. 'वुडी' ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली, तर तिच्यानंतरची 'सार्ज' थेट जून २००५ मध्ये. मधल्या काळात बाजारात आलेली नवी यंत्रे जुन्या प्रणालीला ओळखता येईनात. ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवरच बेतलेली उबुंटू निघाली. तिने दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचे ठरवले. पण कार्यालयांना इतकी धावपळ परवडत नाही. म्हणून २००६ साली उबुंटूनेही एक दीर्घ मुदतीची आवृत्ती काढली. तिची देखभाल डेस्कटॉपसाठी तीन आणि सर्व्हरसाठी पाच वर्षे होणार होती. इकडे डेबियननेही २०११ पासून साधारण दोन वर्षांचा ठेका धरला. घाईवाला थोडा थांबला, थांबलेला थोडा चालू लागला.

आम्हाला मात्र या इतिहासातली दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. स्थिर म्हणजे न बदलणारी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्थिर आवृत्तीतही दुरुस्त्या होतच असतात. पाठ्यपुस्तकाचे उदाहरण घेऊ. पुस्तकात चूक सापडली तर मंडळ नवी आवृत्ती काढू शकते. तीत धडे बदलतील, पानांचे क्रमांक बदलतील, वर्गात गोंधळ होईल. किंवा मंडळ एका पानाचे शुद्धिपत्र पाठवू शकते. डेबियनची सुरक्षा पाहणारी मंडळी सहसा दुसरा मार्ग घेतात. नव्या आवृत्तीत केलेली नेमकी दुरुस्ती तेवढी काढून ते जुन्या सॉफ्टवेअरला जोडतात. आवृत्तीचा क्रमांक जुनाच दिसतो, पण भोक बुजलेले असते. काम किचकट आहे आणि ते कोणाच्या नजरेतही भरत नाही.

शुद्धिपत्र वेळेवर न लावल्यास काय होते, हे २०१७ साली दिसले. विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. तरी १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने त्याच भोकातून जगभरच्या संगणकांत शिरकाव केला. जूनअखेर 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभारावे लागले. गंमत (की दुर्दैव?) अशी, की नॉटपेट्या पसरू लागला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! पुढे तो ते जुने भोक आणि चोरलेले पासवर्ड, दोन्ही वापरत गेला. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही वाचले नाहीत.

विंडोज एक्सपीची अडचण वेगळी होती. २००१ साली आलेल्या या प्रणालीची शुद्धिपत्रेच ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाली. तरी पैसे देणारी एटीएम यंत्रे तिच्यावर चालतच राहिली, कारण चालते यंत्र बदलायला कोण धजावतो? शेवटी रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे घालून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के यंत्रे, आणि जून २०१९ पर्यंत सर्व.

हे टप्पे अपडेट देणाऱ्यालाही लागू पडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सर्वत्र एकदम पाठवले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहायचे ठरवले. शाळेत दहा संगणक असतील तर हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे : सुरक्षेची दुरुस्ती आली की ती आधी एका संगणकावर घ्यावी, त्यावर एक निकालपत्रक छापून पाहावे आणि मग उरलेल्या नऊंकडे वळावे. अख्खी नवी आवृत्ती मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबू शकते.