जाळीची भिंत आणि चार दाणे

घरात एखादा माणूस दिवसभर बसून राहायला लागला की 'आळशी झालाय' किंवा 'कशातच रस उरला नाही' असं आपण म्हणून टाकतो. बराच काळ शास्त्रज्ञही काहीसं असंच म्हणत होते.

1954 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. ठरावीक भागात विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून ते उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. पुढे या यंत्रणेशी डोपामिनचं नातं जोडलं गेलं. 1982 मध्ये रॉय वाइज यांनी मांडलं, की डोपामिन अडवणारी औषधं दिली की प्राण्याचा आनंदच मावळतो. 'आनंदाचं रसायन' हे लेबल अजून पुसलं गेलेलं नाही.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचे जॉन सॅलामोन यांना हे पटेना. 1994 च्या त्यांच्या प्रयोगात उंदरांना दोन फाट्यांची वाट होती. एका फाट्यात चार दाणे, पण मध्ये 44 सेंटिमीटर उंच जाळीची भिंत. दुसरीकडे दोनच दाणे, अडथळा नाही. एरवी उंदीर भिंत चढून चार दाणे खात. मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्समधलं डोपामिन कमी केल्यावर ते बहुधा सोप्या फाट्याकडे वळू लागले.

पाय लुळे पडले, की भूक गेली? दोन्ही नाही. भिंत काढून टाकली की हेच उंदीर चार दाण्यांकडे जात. आणि भिंत ठेवून सोपा फाटा पूर्ण रिकामा केला, तर ते चढतही! मला हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ताकद होती, भूक होती, दाणे कुठे आहेत हेही आठवत होतं. बिघडला होता तो 'एवढे कष्ट परवडतात का' हा हिशेब.

माणसांसाठी मायकेल ट्रेडवे यांनी 2009 मध्ये अशीच चाचणी काढली: थोड्या पैशांसाठी सोपं काम, की जास्त पैशांसाठी करंगळीने 21 सेकंदांत 100 वेळा बटण दाबायचं? नैराश्याचे रुग्ण अवघड काम कमी वेळा निवडतात, असं नंतर दिसलं. पार्किन्सनच्या काही रुग्णांतही असा निरुत्साह आढळतो.

म्हणून घरच्यांना मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो: समोर ठेवलेला शिरा ते आवडीनं खातात का? आणि तोच आणायला स्वयंपाकघरापर्यंत उठतात का?